वहिनीचं मीठ

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी जळगावहून गावी जातो आणि सिंधू वहिनीच्या हातात गोळ्यांची पिशवी देतो. एरंडोलपर्यंत एसटी, तिथून रिक्षा. माझं औषधांचं दुकान आहे, तेव्हा गोळ्या मिळवणं मला जड नाही. पण त्या पुतण्याच्या हाती पाठवता येतात हेही मला कळतं. तरी मीच जातो. गावात याचं कौतुक आहे. 'दीर असावा तर असा,' असं पारावर बसलेली माणसं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. मी मान खाली घालून पुढे होतो आणि त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो. पन्नाशी उलटली तरी ते कौतुक मला सहन होत नाही. ते का होत नाही, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे.

मी दहावीत होतो. घरात पाच माणसं: आबा, अक्का, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा भाऊ नाना, त्याची बायको सिंधू वहिनी आणि मी. आबा आणि अक्का म्हणजे आमचे वडील आणि आई, पण सगळा गाव त्यांना त्याच नावांनी हाक मारायचा, तशी आम्हीही. घर गावाच्या टोकाला, मागे गोठा, गोठ्यामागे नाल्याची वाट. कापूस यायचा तेव्हा पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागायचा आणि अंगाला, जेवणाला, माझ्या पुस्तकांना सरकीचा तो उग्र वास यायचा. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. अक्काचा हात जड. तिने भाकरी थापली की परातीचा आवाज गोठ्यापर्यंत जाई. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर शेंगदाण्याचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत, आणि पावसाळ्यात आमटीत सोडलेल्या डुबुकवड्या. आबा जेवताना बोलत नसत. बोलत तेव्हा एकच वाक्य बोलत आणि त्यात अक्काला टोमणा असे.

वहिनी सावद्याची. तिच्या वडिलांच्या केळीच्या बागा होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिकडून केळीचे दोन घड आले ते आम्ही गल्लीभर वाटले. तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी. आम्ही 'काय करी राह्यना' म्हणायचो, ती 'काय करू रायला' म्हणायची, आणि मी आणि नाना तिची नक्कल करून तिला चिडवायचो. ती चिडायची नाही. बारावीपर्यंत शिकलेली होती. संध्याकाळी चुलीपाशी बसून, हात पिठाचे असतानाच, मला इंग्रजीची वाक्यं करून दाखवायची. मी चुकलो की पिठाचा हात माझ्या डोक्याला पुसायची. त्या वर्षी इंग्रजीत मी पहिल्यांदा पास झालो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते मी अनोळखी बाईच्या बाबतीत केलं नाही.

लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, तेव्हापासून घरात कुजबुज सुरू झाली. वहिनी काळी पडत चालली होती. उन्हाने माणूस रापतं तसं ते नव्हतं. बोटांचे सांधे, कोपरं, गुडघे आधी काळवंडले, मग ओठांवर डाग आले. लहानपणी विळ्याने कापल्याची एक जुनी खूण तिच्या मनगटावर होती, ती शाईने ओढल्यासारखी दिसू लागली. ती वाळतही चालली होती. दुपारी भांडी घासता घासता भिंतीला टेकून बसायची. चारदोन वेळा उलटी झाली तेव्हा अक्काने देवापुढे साखर ठेवली, आणि महिन्याभराने तसं काही नाही कळल्यावर ती साखर तिने रागाने मुंग्यांना टाकली.

"दखाडी तवय दूधनी सायनागत व्हती," अक्का म्हणायची. दाखवली तेव्हा दुधाच्या सायीसारखी होती. "आते दख. पावडर लाईसनी बसाडेल व्हती. फसाडं आपले." पावडर लावून बसवली होती, फसवलं आपल्याला, असं तिचं म्हणणं.

"तुन्ही सासूबी तुले असंच म्हने," आबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

शेजारच्या जिजीला तर विषयच मिळाला. ती आमच्या ओट्यावर बसून वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सावदानं केळं शे ते माय. पिकनं की काळं पडस." बायका हसल्या. मीही हसलो. वहिनी आत धुणं पिळत होती. पिळण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

संशयाचं एक असतं. तो एका गोष्टीवर बसला की दुसरी शोधतो. अक्काच्या लक्षात आलं की बरणीतलं मीठ लवकर संपतं. आमच्याकडे तेव्हा खडेमीठ असे, चिनी मातीच्या बरणीत, आणि ती बरणी महिनाभर पुरायची. आता ती दहा दिवसांत तळाला जायला लागली.

"बापू, बरनीमानं मीठ कोठे जाई राह्यनं रे?" अक्काने मला कोठीच्या खोलीत नेऊन विचारलं.

"माले काय माहीत?"

"पाच मानसेसना घरमा इतलं मीठ लागस का?" तिने आवाज खाली आणला. "तिन्हावर ध्यान ठेव. कोनले सांगू नको."

आमच्या भागात मीठ म्हणजे नुसतं चवीचं नव्हे. दृष्ट काढायला मीठ लागतं, आणि कोणाचं वाईट करायचं असेल तर तेही मिठानेच करतात, असं बायका मानायच्या. त्याच महिन्यात अक्काचा गुडघा सुजला होता आणि गोठ्यातली एक कालवड मेली होती. या दोन गोष्टींना मीठ जोडायला वेळ लागला नाही. आणि मला खरं सांगायचं तर आनंद झाला. वहिनी आल्यापासून नाना मला मोटरसायकलवर पारोळ्याच्या बाजाराला नेत नव्हता. घरात मला कोणी काही विचारत नव्हतं. आता मला एक काम मिळालं होतं, आणि ते अक्काने एकट्या मला दिलं होतं.

मी पाळत ठेवू लागलो. शाळा सकाळची होती. दुपारी अक्का, आबा, नाना शेतात असत. घरात मी आणि वहिनी. मी पुस्तक उघडून बसायचो आणि कान स्वयंपाकघराकडे. बरणीच्या झाकणाचा आवाज मला ओळखू यायला लागला. मग एका दुपारी झाकण वाजलं नाही, पण मागचं दार वाजलं. मी चवड्यांवर चालत गोठ्याच्या भिंतीआड गेलो. तिथे गुरांना चाटायला मिठाचा दगड दोरीने टांगलेला असे. वहिनी तो दगड दोन्ही हातांनी धरून चाटत होती. बैल शेजारी उभा होता आणि तिच्याकडे पाहत होता. तिचे डोळे मिटलेले होते. तान्हं मूल दूध पितं तसं तिचं तोंड चाललं होतं.

आज मी दुकानात बसतो आणि अशी एखादी गोष्ट कोणी सांगितली तर पहिला प्रश्न विचारीन की पेशंटला चक्कर येते का, रक्तदाब पाहिला का. तेव्हा मला फक्त किळस आली, आणि हाती काहीतरी लागल्याचा थरार.

संध्याकाळी मी अक्काला सांगितलं. दगडाचं सांगितलं, बैलाचं सांगितलं. अक्का शेंगा फोडत होती. फोडत राहिली.

"मंग?" ती म्हणाली. "बस, इतलंच?"

तिच्या चेहऱ्यावर निराशा होती. गुरांचं मीठ चाटणारी सून म्हणजे फार तर वेडसर सून. अक्काला जे हवं होतं ते यात नव्हतं, आणि मी ते आणू शकलो नव्हतो. माझ्या तोंडून पुढचं कसं निघालं ते मी हजार वेळा आठवून पाहिलं आहे. मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "आनि उंबरावरबी टाकस. तुन्ही खाटखाले बी. टाकतांना काहीतरी पुटपुटस."

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

उंबऱ्यावर काय, खाटेखाली काय, हे मी पाहिलं नव्हतं. असं काही घडलंच नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी ते नानापर्यंत गेलं. नाना मला अंगणात घेऊन गेला. तो कमी बोलणारा माणूस. कडुलिंबाखाली उभा राहून त्याने एवढंच विचारलं, "बापू, तू सोता दखं का?"

एक 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "हा."

त्या दिवसापासून नाना शेतातल्या खोपीत झोपायला जाऊ लागला. वहिनीने वाढलेलं ताट तो घेईना, अक्का वाढायची. वहिनीला कारण कोणी सांगितलं नाही, आणि न सांगण्यातच शिक्षा होती. सावद्याला निरोप पाठवून तिला कायमची नेऊन घालायची, अशी बोलणी आतल्या खोलीत सुरू झाली. त्याआधी एकदा भगताला विचारावं म्हणून अक्का शेजारच्या गावी गेली. झाडफूक करणारा म्हातारा होता तो. त्याने पायलीभर दाणे घेतले आणि सांगितलं, "जे मिठनं उनं, ते मीठ तोडीसनीच जाई." मिठाने आलं, ते मीठ तोडूनच जाईल. कानबाई बसेपर्यंत सुनेने अळणी खायचं. मिठाचा कण जिभेला लागता कामा नये.

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी. त्या दिवशी सगळे भाऊबंद एका घरी जमतात. अजून वीसेक दिवस होते. अक्काने बरणी कोठीच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं. गोठ्यातला दगड सोडून आणला, तोही आत गेला. आणि अक्का दिवसभर शेतात, म्हणून किल्ली माझ्या करदोड्याला बांधली.

त्या वीस दिवसांत वहिनीसाठी वेगळी भाकरी, वेगळं वरण. ती पहिले तीन-चार दिवस निमूट जेवली. मग घास घशाखाली उतरेना. पाणी प्यायलं तरी उलटायची. खाटेवरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंत धरायची, आणि जिजी म्हणायची, "दखं का, मीठ तोडाबरोबर भूत कसं हाललं ते." एका दुपारी ती माझ्या समोर येऊन बसली. बसली म्हणजे भिंतीला धरत घसरली. तिचा तळहात मी तेव्हा पाहिला. तळहातावरच्या रेषा काळ्या झाल्या होत्या, जणू कोळशाने ओढल्यात.

"बापू," ती म्हणाली, "एक चिमटी मीठ दे न रे. कोनाले सांगत नाही मी."

मी पुस्तकात बघत राहिलो.

"माहा जीव चाल्ला रे."

"अक्काले विचार," मी म्हणालो.

ती हसल्यासारखी झाली. "तुले तं मी इंग्रजी शिकोलं," ती म्हणाली, आणि भिंत धरून उठून गेली. किल्ली माझ्या कमरेला टोचत होती. मी ती काढली नाही. माझीच थाप मला एव्हाना खरी वाटू लागली होती, एवढंच नव्हे, रात्री मी स्वतः अक्काच्या खाटेखाली वाकून पाहिलं होतं. माणूस स्वतःच्या थापेला इतका भितो हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

कानबाईचा रविवार आला. अंगणात मांडव, घरात पंचवीस-तीस माणसं. चुलत काका, त्यांच्या सुना, पोरं. दळलेल्या गव्हाचा वास, पुरण शिजत होतं, गंगाफळाची भाजी, खीर. नारळाला डोळे, नथ, पिवळं लुगडं नेसवून देवी सजली होती. बायका गाणी म्हणत होत्या आणि एक जण ताट वाजवत होती. रोटांचं पीठ मळायला घरच्या सगळ्या सुना बसल्या. कानबाईचे रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला कणसुद्धा द्यायचा नाही. वहिनी हात धुऊन परातीपाशी आली तशी अक्का म्हणाली, "तू नको." सगळ्यांसमोर म्हणाली. वहिनी मागे सरकली आणि दुपारी नैवेद्याच्या आधी मागच्या दारात कोसळली.

मी पहिला पोचलो. ती पालथी पडली होती, अंग थंडगार, तरी घामाने चिंब. बायका धावल्या. कोणीतरी ओरडलं, "अंगमा उनी! कानबाई उनी!" देवी अंगात आली म्हणून तिच्या कपाळाला कुंकू फासलं, तोंडावर ऊद धरला, ओटी भरली. ती मधूनच डोळे फिरवायची, तेव्हा बायका हात जोडायच्या. चांगला अर्धा-पाऊण तास यात गेला. मग नाना शेताकडून आला. गर्दीत शिरून त्याने तिचं मनगट धरलं, बराच वेळ धरून राहिला आणि म्हणाला, "सरका." एवढा एकच शब्द. त्याने तिला उचललं. ती त्याच्या हातांत पोरीसारखी दिसली. आबांनी देवीपाशी थांबायचं ठरलं. चुलत काकाच्या जीपमध्ये पुढे अक्का, मागे नाना वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन, आणि मी तिचे पाय धरून. धुळ्यापर्यंत मी ते पाय चोळत होतो. ते गरम झाले नाहीत.

धुळ्याच्या दवाखान्यात एक उंच, चष्मेवाले डॉक्टर होते. त्यांनी रक्तदाब घेतला आणि नर्सकडे पाहून पुन्हा घेतला. सलाईन लावायला सांगितलं. मग टॉर्च घेऊन वहिनीचा ओठ वर केला. हिरड्यांवर निळसर काळे डाग होते. आम्ही कोणी ते कधी पाहिले नव्हते. त्यांनी तिचा तळहात उघडला, बोटांचे सांधे पाहिले, मनगटावरची ती जुनी खूण अंगठ्याने चोळून पाहिली.

"या आधीपासून अशा सावळ्या होत्या?"

"नही," अक्का म्हणाली. "गोरीपान व्हती. तेच तर..."

"मीठ फार खायच्या का?"

अक्का नानाकडे पाहू लागली. मग म्हणाली, "मीठ तर तिनी सोडेल शे, डॉक्टर. व्रत शे."

"सोडलंय?" डॉक्टरांचा आवाज चढला. "किती दिवस?"

बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज होता. मला आठवतं, मी माझ्या करदोड्यावर हात ठेवला होता.

"खायची," मी म्हणालो. "बरणी संपायची. गुरांचा दगड चाटायची. मी पाहिलंय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "शाब्बास," ते म्हणाले. तो शब्द मला अजून चटका देतो. "आणखी काय पाहिलंस? नीट आठवून सांग."

नाना माझ्याकडे पाहत होता. अक्काही.

"आणखी काही नाही," मी म्हणालो. "आणखी मी काहीच पाहिलं नाही."

त्या उंबऱ्याच्या मिठाबद्दल मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. आणि अक्काने हळूच मान हलवली, घरचं झाकलंस ते बरं केलंस, अशी. नानाने नजर खाली घातली. दोघांनाही वाटलं की परक्या माणसासमोर मी घराची अब्रू राखली. मला एका वाक्याने सगळं मोकळं करता आलं असतं: 'उंबऱ्याचं मी खोटं सांगितलं होतं.' डॉक्टर इंजेक्शन भरत होते. रक्ताचा अहवाल यायच्या आधीच त्यांनी ते दिलं. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी उठून बसली आणि शेवभाजी मागितली. नाना बाहेर जाऊन रडला. मग डॉक्टरांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवून समजावलं. त्यांनी सांगितलं ते मी नंतर पुस्तकांतून अनेकदा वाचलं, पण त्यांच्यासारखं कुठे सापडलं नाही. ते म्हणाले, मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. वरची ग्रंथी रक्तातून निरोप पाठवते, खालच्या दोघी तो ऐकून एक रस तयार करतात. त्या रसावर माणूस उभा राहतो. ताप, उपास, भीती, सगळं त्याच्यावर निभावतं. रस पुरेसा झाला की वरचीला ते रक्तातूनच कळतं आणि ती निरोप कमी करते.

"यांच्या खालच्या ग्रंथी वाळून गेल्यात," ते म्हणाले. "वरची हाक मारते, कोणी ओ देत नाही. म्हणून ती आणखी मोठ्याने हाक मारते, रात्रंदिवस. त्या निरोपाचा गुण असा की तो प्रमाणाबाहेर वाढला की कातडी काळी करतो. आणि खालच्या ग्रंथींचं दुसरं काम अंगातलं मीठ धरून ठेवण्याचं. ते काम बंद पडलं की मीठ लघवीवाटे निघून जातं. अशा माणसाचं मीठ तुम्ही तोडलंत. आणखी एक दिवस उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो."

लहानपणी हिला क्षय झाला होता का, हेही त्यांनी विचारलं. निरोप गेला तसे सावद्याहून तिचे वडील आले आणि खाली मान घालून 'हो' म्हणाले. सोयरीक मोडेल म्हणून सांगितलं नव्हतं. अक्काला तेवढा आधार मिळाला. "म्हन्जे फसाडंच ना," ती म्हणाली. पण त्यात आता जोर नव्हता.

जीपने परतताना वहिनी नानाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या मांडीवर गोळ्यांची पुडी. काळेपणा, मीठ, उलट्या, दुपारचं बसणं, सगळ्याचा उलगडा झाला होता. पारोळा मागे गेल्यावर अक्का पुढून न वळता म्हणाली, "ते बठ्ठं ठीक शे. पन उंबरावरलं मीठ?"

त्या ग्रंथींनी सगळं समजावून सांगितलं. मी रचलेलं तेवढं त्यांना समजावता येणार नव्हतं. आणि सगळा आजार बाजूला झाल्यावर मागे तीच एक गोष्ट उरली, धुतलेल्या भांड्यात खडा उरावा तशी.

नाना घरात झोपायला आला. वहिनीचा काळेपणा सहा-आठ महिन्यांत उतरला. दोन मुलं झाली. तिच्या पर्समध्ये अजून एक कार्ड असतं. ती बेशुद्ध सापडली तर कोणतं इंजेक्शन द्यायचं ते त्यावर लिहिलेलं आहे, माझ्या अक्षरात. ताप आला तर गोळी वाढवायची, हे मीच तिला दर वेळी बजावतो. पण अक्काने रोटांच्या पिठाला तिचा हात कधी लागू दिला नाही. शेवटची चार वर्षं अक्का अंथरुणावर होती. वहिनीने तिचं सगळं केलं, हागमूतसुद्धा. अक्का तिच्या हातून पाणी घ्यायची, पण पिण्याआधी पेल्यात निरखून पाहायची. पाणी उजेडाकडे धरून. मी ते पाहिलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा, आणि गोळ्यांची पिशवी ठेवून जळगावची बस पकडली आहे. अक्का गेली तेव्हा तरी मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं.

या श्रावणात गेलो तेव्हा वहिनी ओसरीवर मेथी निवडत होती. केस पांढरे, हात पहिल्यासारखे गोरे. नाना आत वर्तमानपत्र वाचत होता. मी पिशवी ठेवली, आणि उठलो नाही. म्हणालो, "वहिनी, उंबऱ्यावर मीठ टाकताना मी तुला पाहिलं नव्हतं. ते मी रचून सांगितलं होतं."

तिचा हात थांबला. मला वाटलं ती रडेल, किंवा शिवी देईल. दोन्हीसाठी मी तयार होऊन आलो होतो. ती पुष्कळ वर्षांत बोलली नव्हती तशी, तिच्या माहेरच्या बोलीत बोलली.

"म्हन्जे मी टाकलंच नव्हतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"मले दवाखान्यातून आल्यावर जिजीनं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "बापूनं डोयानं पाह्यलं म्हने. मले तं त्या दिवसातलं काही आठवेच नाही. मी मनात म्हनलं, बापू कायले खोटं सांगीन? शुद्ध नव्हती, मीच केलं असीन." ती थांबली. "अक्कांचा गुडघा दुखला का मले वाटे, माह्या हातानं झालं. पोरीले ताप आला का वाटे. कितीकदा रात्री उठून मी उंबऱ्यावर हात फिरवून पाह्यला, बापू. आज पुन्हा टाकलं तं नाही?"

मी हात जोडले असावेत. तिने ते पाहिले नाहीत. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती, उलटे-पालटे करून, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. मग तिने मेथीची परडी बाजूला सारली आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, बाहेर या जरा. पेपर ठेवा तो."

नाना चष्मा कपाळावर सरकवत दारात आला. "काय व्हयनं?"

"बसा," ती म्हणाली. "बापूचं ऐका. सांग रे बापू. पहिल्यापासून सांग, काही सोडू नको."

नाना माझ्यासमोर बसला. कडुलिंबाखाली विचारलं होतं तशाच डोळ्यांनी त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगायला सुरुवात केली.